टरफलांचा डबा

ताई,

काल एस्टीत बसल्यापासून तुला फोन लावावा का नको हेच चाललंय माझं. तीनदा नंबर काढला अन् ठेवून दिला. फोनवर आपलं पुन्हा तेच झालं असतं, म्हणून लिहायलेय. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमधी मोबाईलवर माहिती भरून भरून बोटांना सवय झालीय, पण तुला लिहिताना दर ओळीला थांबावं लागायलंय.

आधी माझं चुकलं ते सांगते. जावईबापूंसमोर तुला तसं बोलायला नको होतं. "काय करायचंय असलं घर" हे माझ्या तोंडून गेलं, अन् ते घर घेताना तू काय काय सोसलंस ते मला सगळं माहीत असून गेलं. तुझं लेकरू, पिलू, तो पण माझ्या तोंडाकडं बघत राहिला. तरी तू कोपऱ्यापर्यंत आलीस, माझ्या पिशवीत लिंबं घातलीस, काही बोलली नाहीस. औशापर्यंत माझ्या डोळ्याचं पाणी थांबलं नाही बग.

पण बाळा, चार दिवसामागं जिन्यात चक्कर येऊन पडलेली बाई, रिपोर्टवर हिमोग्लोबिन 8.1, अन् मी ताटात वाढलेलं उकडलेलं अंडं ती उचलून परत भांड्यात ठेवती अन् म्हणती, आई, ते बारा रुपयाचं आहे. मग माझं तोंड आवरलं नाही.

अंड्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते लिहायला. निघालाच.

तुला वाटत असंल आईनं माझं ताट बघून ओळखलं. नाही. मी टरफलांच्या डब्यावरून ओळखलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी खुराड्यातून अंडी काढताना एक अंडं हातातच पिचलं, कवच कागदासारखं पातळ. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकायला लागल्या की कवच पातळ होतंच, पण मला वाटलं ह्यांना चुना कमी पडायलाय, टरफलं कुटून घालावीत. तुझा डबा उघडला तर तळाला मूठभर. पिलूला रोज एक, तेवढीच टरफलं. चौदा कोंबड्या, सात-आठ अंडी रोजची, अन् त्या घरात एक लेकरू सोडून कुणी अंडं खात नाही. ती मूठभर टरफलं हातात घेऊन मी किती वेळ तिथं उभी होते, तुला माहीत नाही.

मी बावीस वर्षं लोकांची लेकरं काट्यावर तोलायले. दंडाला पट्टी लावायची, लाल दिसली की त्या आईला चार शब्द सुनवायचे, गरोदर बाईला गोळ्या द्यायच्या अन् घेतल्या का ते परत जाऊन बघायचं. अन् माझी स्वतःची लेक साठ किलोमीटरवर अशी वाळत गेली, मला कळलं नाही. तू व्हिडिओ कॉलवर कायम कोंबड्याच दाखवायचीस.

कर्जाचं मला कळत नाही असं समजू नको. तूच समजावलंस मला वहीवर. 2021 ला अठरा लाख घेतलंस तवा हप्ता चौदा हजाराच्या आतबाहेर होता, मग रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्याचा वाढत वाढत फेब्रुवारी 2023 ला 6.50 झाला अन् तुझ्या हप्त्यातलं जवळजवळ सगळंच व्याजात जायला लागलं, मुद्दल जागचं हलंना. बँकेनं मुदत वाढवून देतो म्हणल्यावर तू नाही म्हणलीस, हप्ता पावणेसतरा हजारावर नेलास. जावईबापूंचं शटर बंद असताना. अन् 2025 मधी व्याज उतरलं तरी तू हप्ता कमी करून घेतला नाहीस, तोच चालू ठेवलास, म्हणजे लवकर फिटंल. वर्षातून एक हप्ता जास्तीचा भरला की वीस वर्षाचं कर्ज साडेतीन वर्षं आधी संपतं, अन् फ्लोटिंग व्याजाच्या घरकर्जाला आधी पैसे भरले म्हणून दंड लागत नाही, हे सगळं मी आमच्या सेविकांना मिटिंगमधी सांगितलंय. घर लेकीच्या नावावर आहे हे पण सांगितलं, बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते हे अर्ध्या बायांना माहीत नव्हतं. सांगताना माझी मान ताठ असते. तुला कधी बोलून दाखवलं नाही, आज लिहिते.

काटकसर पण मी तुला शिकवायची गरज नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी तू खोली करून राहत होतीस, दोन घागरीत सगळं भागवायचीस, भाजी धुतलेलं पाणी फरशीला अन् फरशीचं संडासात. ती सवय अजून आहे तुला, मी बघितलं, कोंबड्यांच्या भांड्यातलं उरलेलं पाणी तू कढीपत्त्याला घालतेस. संध्याकाळी बाजार उठताना भाजी आणणं, ज्वारी गावाकडून, जुन्या साड्यांची वाकळ, ह्यात मला काहीच वावगं वाटत नाही. आम्ही पण पोटाला चिमटा घेऊनच दिवस काढलेत. पण पोटाला चिमटा म्हणजे सगळ्या घरानं मिळून घ्यायचा असतो गं, एकट्या बाईनं नाही.

अन् हे उपास कधीपासून? चतुर्थी ठीक आहे, ती आपल्या घरात आहे. गुरुवार, शनिवार कुठून आले? देवाचं नाव घेऊन खोटं बोलू नये, मला खरं सांग, एक वेळचं अन्न वाचतं म्हणून धरलेत ना?

बग, लागले भाषण द्यायला. राग मानू नको.

तुला भूकंपाचं सांगितलंय मी, पण कोंबडीचं कधी सांगितलं नाही. लग्नाला माझ्या चार महिने झाले होते. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले, अन् 30 सप्टेंबरला पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीकडून ते आलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, त्याच्यावर वर्षानुवर्षं चढवलेली माती, सगळं झोपलेल्या माणसांवर बसलं. मोठी आई त्यातच गेल्या. तुझे पप्पा अन् मी अंगणात झोपलेलो म्हणून आहोत. तिसऱ्या दिवशी पाऊस चालू असताना ढिगाऱ्यातून आमची तांबडी कोंबडी एकटीच चालत आली, पिसं मातीनं भरलेली, एक पाय लंगडा. तिला कुणी काय खायला घालणार, माणसालाच नव्हतं. पण ती राहिली. आम्ही पत्र्याच्या शेडात गेलो तवा ती पण आली, अन् पुढल्या वर्षी तुझे दिवस असताना ती बाजेखाली अंडं द्यायची. घरात मीठ आणायला पैसा नव्हता. शेजारची बाई म्हणली, अंडी साठवून बाजारला दे. तुझ्या आजीनं एकही विकलं नाही. चुलीच्या आरात भाजून माझ्या हातावर ठेवायच्या, मी खाईपर्यंत समोर बसायच्या. ज्या बाईचं घर गेलं, जिनं मोठ्या आईला स्वतः उकरून काढलं, तिनं ते अंडं मला दिलं. तू त्याच्यावर वाढलीस माझ्या पोटात.

म्हणून तुला पक्कं घर पाहिजे होतं, मला कळतं. पत्र्याखाली पाऊस वाजायला लागला की तू कानावर हात ठेवायचीस. घर सोड असं मी म्हणणार नाही. रागात म्हणलं ते विसर.

कामाचं सांगते आता. नुसत्या अंड्यानं रक्त वाढत नाही हे मला माहीत आहे. डॉक्टरनं दिलेली लोहाची गोळी लिंबाच्या पाण्यासोबत घे, अन् त्याच्या आगंमागं तासभर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. तुझा तो जेवल्या जेवल्या अर्धा कप, तो बंद. गोळीनं पोट जड झालं तरी सोडू नको, डॉक्टरला विचार. महिन्यानं परत रक्त तपास, आकडा मला पाठव. खरा आकडा. पप्पांना मी 8.1 सांगितलं नाही अजून, "अशक्तपणा आहे" एवढंच म्हणले, ते रात्रीतून गाडी काढतील.

आता तुझ्याच हिशोबात बोलते. रोज एक अंडं तू खाल्लं तर महिन्याला 360 रुपये कमी येतील. परवा एका दिवसात तपासण्या अन् सलाईनला त्याच्या दहापट गेले. ते 360 मी देते म्हणलं असतं, पण तू घेणार नाहीस, माझ्या आरडीचं, त्या बँकेतल्या बचतीचं, नाव काढलं तवा कशी बघितलीस माझ्याकडं. म्हणून पैसे देत नाही. सोमवारी बापू लातूरला येणार आहे, त्याच्यासोबत दोन तलंगा पाठवते. महिनाभरात अंड्यावर येतील. तोपर्यंत तुझ्याच कोंबड्यांचं खा. नव्या दोघींना आठ दिवस वेगळं डालून ठेव, एकदम सोडल्या तर जुन्या टोचून मारतील. मानमोडीची लस झालीय त्यांची. दुपारी खुराड्यावर गोणपाट ओलं करून टाक, पाणी सावलीत ठेव. पांढरी खुडूक बसलीय तिला आता अंड्यावर बसवू नको, ह्या उन्हात पिल्लं निघत नाहीत.

ज्वारी अर्धं पोतं, करडईचं तेल, शेंगदाण्याचे लाडू पण देते. लाडू गूळ घालून केलेत. पिलूला दे, पण मोजून दे, सगळे त्याच्या पोटात घालू नको.

अन् टरफलं धुऊन, उन्हात वाळवून, बारीक कुटून कोंबड्यांना घाल, अख्खी टाकलीस तर अंडी फोडायची चटक लागते त्यांना. पण कुटायच्या आधी डब्यात साठू दे. रोजची दोन. पंधरा दिवसानं मी येणार आहे, आल्या आल्या डबा उघडणार आहे.

पोचल्याचं कळवलं नाही म्हणून रागावली असशील. पोचले मी.

आई