टाइम ऑफिसातल्या भाऊंना, जरा उशिराने

भाऊ, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही चष्मा पुसत विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. सूनबाई वाचून दाखवतील, तेव्हा उठून जाऊ नका.

मी रिटायर झालो. 1993 साली ज्या गेटातून टर्नर म्हणून भोसरीच्या कंपनीत शिरलो, त्याच गेटातून नारळ-शाल घेऊन बाहेर पडलो. निरोपाच्या वेळी एका तरुण इंजिनिअरने विचारलं, "काका, एकाच ठिकाणी बत्तीस वर्षं? कंटाळला नाहीत?" माझ्या तोंडून निघालं, "आमच्या टाइम ऑफिसात एक भाऊ होते." पोराला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? आता पंचिंग मशिनवर अंगठा टेकवला की झालं. तेव्हा हजेरी तुमच्या हातात होती.

सुरुवात तर भांडणाने झाली आपली. 1996 साल, आकुर्डीच्या खोलीचं कर्ज, मुलगी सहा महिन्यांची. ओव्हरटाइम डबल रेटने, आणि मला तो हवाच होता. तिमाहीचे 50 तास भरले होते, कायद्याने त्यापुढे नाही. सुपरवायझर म्हणाला, कागदावर जुळवून घेऊ. तुम्ही नाही म्हणालात. मी खिडकीशी उभा राहून नको ते बोललो. तुम्ही माझं कार्ड पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "या महिन्यात उजेडी घरी किती वेळा पोचलास, ते मोज." मी मोजलं. चार वेळा. तरीही तुमच्याशी आठवडाभर बोललो नाही, हे कबूल करतो.

पण खरं आभाराचं कारण आहे 2004 सालचं.

आमचे दादा, म्हणजे वडील, बारामतीकडचे, माळकरी. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, आणि एकदा तुकोबांच्या पालखीबरोबर देहूपासून पंढरपूरपर्यंत चालायचंच हा हट्ट. एकट्याला सोडायची आईची छाती होईना. अठरा-एकोणीस दिवसांची रजा कोण देणार? मी विचारलंही नव्हतं. डब्याच्या सुट्टीत सहज बोललो, एवढंच. तुम्ही रजिस्टर उघडलंत. दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पी.एल., म्हणजे भरपगारी रजा, शिल्लक पुढच्या वर्षात नेता येते, तीसपर्यंत. माझी गेल्या वर्षीची पडून होती. मला ठाऊकच नव्हतं! अर्ज पंधरा दिवस आधी लागायचा, म्हणून तुम्ही तिथेच लिहून घेतलात, सही घेतलीत आणि आमच्या विभागाच्या साहेबांकडे स्वतः गेलात. तिथे काय बोललात ते मला आजही माहीत नाही. परत येऊन एवढंच म्हणालात, "जा. पण परत आल्यावर पहिल्या पाळीला ये, झोपू नकोस."

दादा चालले. यवतला पिठलं-भाकरी खाताना मला म्हणाले, "तुझ्या साहेबाला सांग, पोटभर झालं." साहेब नव्हता, भाऊ होते, हे मी त्यांना सांगितलंच नाही, नुसता हसलो. इंदापूरचं रिंगण त्यांनी माझ्या खांद्याला धरून पाहिलं. पुढच्या आषाढीला दादा नव्हते.

मग 2010 च्या सुमाराला चाकणला गाड्यांचे नवे कारखाने सुरू झाले आणि आमच्यातले बरेच तिकडे निघाले. मलाही बोलावणं आलं, हातात सहा हजार जास्त. तुम्ही कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडलात. मोशी-चाकण रस्त्याची गर्दी, जाऊन-येऊन रोजचे तीन तास, महिन्याचे पंचाहत्तर. "तासाला ऐंशी रुपयांना विकतोयस स्वतःला. एवढ्यात तर मी तुला ओव्हरटाइमही करू देणार नाही." वर पुन्हा, "जायचं तर जा, पण आकडा बघून जा." मी राहिलो. गेलेल्यांपैकी एक जण आज मॅनेजर आहे, तेही खरंच. पण मुलीची दहावी मी घरात बसून पाहिली. रोज साडेचारला सायकलने घरी पोचत होतो.

कंपनी सोन्याची होती असं मी म्हणणार नाही. वेतन करार दोनदा रखडला, एकदा व्ही.आर.एस.चा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, कागद टेबलावर आला, आणि दिवाळीच्या बोनससाठी गेटवर बसलोही. तरी खांडेनवमीला माझ्या लेथ मशिनला झेंडूची माळ घालताना आपलंच घर सजवतोय असं वाटायचं. तुमच्या मेजावरच्या रजिस्टरलाही तुम्ही हळद-कुंकू वाहायचात. आम्ही हसायचो. आता नाही हसत.

तुम्ही 2012 ला रिटायर होऊन गावी गेलात, त्यानंतर मी स्वतःच माझा हिशेब ठेवू लागलो. दर तीन महिन्यांनी वहीत पी.एल., सी.एल. (किरकोळ रजा), ओव्हरटाइम. नव्या पोरांना शिकवायचो. काही ऐकायचे, काही मोबाइलमध्ये डोकं घालून हो-हो करायचे.

परवा शेवटचा हिशेब मिळाला. ग्रॅच्युइटी, पी.एफ., आणि शिल्लक रजेचे पैसे. त्यात पी.एल. अकरा दिवस होत्या. तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पहिला प्रश्न ठरलेला: अकरा उरल्याच कशा?

लवकरच तुमच्या गावी येतो. उत्तर तेव्हा देईन.

तुमचा,
लेथवाला