शिरोलीहून कोइमतूरला जाणाऱ्यांसाठीही माहिती छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘बिझनेस ट्रॅव्हल’ म्हटले की विमानतळावरचे लाउंज, पॉइंट देणारी कार्डे आणि सुरकुती न पडणारे कपडे यांचीच माहिती येते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींतून धंद्यासाठी फिरणारी माणसे निराळी आहेत. आमच्याकडे तिकिटे काढून देणारा विभाग नसतो. तिकीट काढायचे, नमुने उचलायचे आणि परत आल्यावर बिले अकाउंटंटकडे द्यायची, हे सगळे मालकानेच करायचे. मी भागीदारीत मशिनिंगचे छोटे युनिट चालवते. पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग आम्ही करून देतो. त्यासाठी चाकण, राजकोट, कोइमतूर अशी फिरती असते. गेल्या वर्ष-दीड वर्षात या प्रवासाचे इतके नियम बदलले, पण ते एका जागी, आमच्या कामाच्या अंगाने मांडलेले कुठे वाचायला मिळाले नाहीत. म्हणून हे पत्र.

आमचा प्रवास आधी ठरत नाही. पाठवलेल्या लॉटमध्ये रिजेक्शन निघाले, म्हणजे काही भाग नापास झाले, की पार्टीचा, म्हणजे ग्राहक कंपनीचा फोन येतो, “परवा या आणि जॉब (केलेला भाग) समोर बघून जा.” त्यामुळे १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू झाले, याने आम्हाला फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो तत्काळमध्ये. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच निघते आणि त्याच महिन्यात ओटीपीही आला. आरक्षण उघडल्यावर पहिली तीस मिनिटे अधिकृत एजंटांना बंद आहेत. माझ्या मते हा बदल आपल्या बाजूचा आहे, कारण पूर्वी सगळ्या जागा जायच्या त्या याच अर्ध्या तासात. पण वर्षानुवर्षे एजंटला फोन करून निर्धास्त राहणाऱ्या कितीतरी उद्योजकांचे स्वतःचे खातेच नाही, असले तर आधार जोडलेले नाही. फोन आल्यावर धावपळ करून हे होत नाही. कामाचा ताण नसेल त्या दिवशी ते करून ठेवावे, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर तिकीट काढणाऱ्याच्या हातात असेल असे पाहावे. आणखी एक. तत्काळचे आरक्षण आदल्या दिवशी उघडते, आणि हा ‘आदला दिवस’ गाडी जिथून निघते त्या स्टेशनच्या तारखेवरून मोजतात. मध्यरात्रीनंतर आपल्या स्टेशनात येणारी गाडी असेल तर तारीख नीट पाहावी.

वेटिंगच्या तिकिटाचा विचार आता सोडूनच द्यावा. १ मे २०२५ पासून खिडकीवर काढलेल्या वेटिंग तिकिटावरही स्लीपर किंवा एसी डब्यात बसू देत नाहीत. त्याच्या जोडीला एक चांगली गोष्ट झाली. पूर्वी चार तास आधी लागणारा पहिला चार्ट जुलै २०२५ पासून बराच आधी लागू लागला, सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या रात्रीच. आम्हाला हे फार उपयोगाचे आहे. तिकीट पक्के झाले नाही हे रात्री कळले तर स्लीपर बस तरी गाठता येते, किंवा पार्टीला फोन करून वेळ बदलून घेता येते. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत करंट बुकिंगमध्ये मिळतात, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरू आणि तिथून पुढे कोइमतूर, असा प्रवास करताना मी दुसऱ्या गाडीसाठी याचा आधार घेतला आहे.

कोल्हापूर–पुणे वंदे भारतबद्दलही लिहायलाच हवे. सप्टेंबर २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. पण गाडी ठेवली ती आठवड्यातून तीन दिवस, आणि कोल्हापूरहून सुटण्याचे दिवस वेगळे, पुण्याहून सुटण्याचे वेगळे. सकाळी सव्वाआठला निघायचे, दुपारी दीडच्या सुमाराला पुण्यात उतरायचे. त्याच दिवशी परतीची गाडी नाही. पुण्याजवळच्या चाकणमधल्या कंपन्यांच्या खरेदी विभागात साहेब भेटतात ते साधारण जेवणाच्या सुट्टीआधी. ज्याला सकाळी जाऊन रात्री घरी यायचे आहे त्याच्या कामाची ही गाडी नाही. ती रोज, पहाटे कोल्हापूरहून आणि संध्याकाळी पुण्याहून सुटावी, ही मागणी उद्योजकांच्या संघटनांनी आणि आपल्या वृत्तपत्राने सतत लावून धरावी.

आता बिलांकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झाला आणि हॉटेलला त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करून घेण्याची सोय, मिळेनासे झाले. २,४०० रुपयांच्या खोलीवर आधी २८८ रुपये कर लागायचा, आता १२० लागतो. दर बदलल्यानंतरही एका शहरातल्या हॉटेलने माझ्या हातात १२ टक्क्यांचे बिल ठेवले. मी काउंटरवरून हलले नाही, तेव्हा ते बदलून मिळाले. बिलावर हॉटेलचा जीएसटी नंबरच नसेल तर कर घेण्याचा त्यांना अधिकार नाही, हेही तिथल्या तिथे सांगावे. बिल युनिटच्या नावाने घ्यावे. खर्च दाखवायला ते लागतेच. रोखीने देताना हात आखडता ठेवावा, कारण एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांवर रोख दिली तर आयकरात तो धंद्याचा खर्च म्हणून धरत नाहीत.

आता तिकिटांवरच्या कराकडे. रेल्वेच्या एसी डब्याच्या आणि विमानाच्या इकॉनॉमी वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के कर असतो आणि तो क्रेडिटला धरता येतो. अट एकच, बुकिंग करतानाच युनिटचा जीएसटी नंबर भरायचा. ही रक्कम तिकिटामागे छोटी दिसते, पण वर्षभर फिरणाऱ्याने ती का सोडावी?

एकट्या बाईला कामासाठी मुक्काम करणे अजून सोपे नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. पैसे भरून बुकिंग पक्के झालेले असताना “एकट्या लेडीजना रूम देत नाही” हे मी रात्री काउंटरवर ऐकले आहे. तेव्हापासून मी बुकिंगनंतर हॉटेलला स्वतः फोन करते, एकटी येणार आहे असे स्पष्ट सांगते आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून घेते. त्याहून चांगला उपाय म्हणजे ज्या कंपनीत जायचे तिथल्या महिला इंजिनिअर बाहेरून आल्या की कुठे उतरतात हे विचारणे. रात्री-अपरात्री पोचणार असाल तर पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर रेल्वेची रिटायरिंग रूम मिळू शकते, आणि गाडीत काही त्रास झाला तर १३९ लावायचा. आमच्या भागात धंदा सांभाळणाऱ्या मुली वाढल्या आहेत, त्यांच्यापर्यंत हे पोचावे.

विमानाचे थोडक्यात लिहिते. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी. वीस हजार एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते आणि १०० पर्यंत परवानगी लागत नाही. स्क्रू ड्रायव्हर, पाने, व्हर्नियर हे चेक-इनमध्ये टाकावे. कास्टिंगचे नमुने तेल पुसून कोरडे करून न्यावे, सोबत डिलिव्हरी चलन ठेवावे, म्हणजे वाटेत कुणी अडवले तर माल विक्रीचा नाही हे दाखवता येते. विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातला पर्याय आपण निवडायचा असतो. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने सुटू लागली आहेत. कोल्हापूरहून येणाऱ्याला हा विमानतळ पनवेललाच पडतो, वाशीचा पूल ओलांडायची गरज नाही. मात्र ‘मुंबई’ म्हणून शोधले की दोन्हीकडची विमाने दिसतात. पैसे भरण्याआधी तिकिटावर बीओएम (मुंबई) लिहिले आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे वाचावे.

आपल्याला विनंती अशी की असा कोणताही नियम लागू होण्याच्या आदल्या दिवशी उद्योगाच्या पानावर छोटी चौकट द्यावी. काय बदलले, कधीपासून आणि कोणाला लागू, एवढे तीन ओळींत आले तरी पुरे. तत्काळच्या वेळा छापताना एसीची सकाळी १० आणि स्लीपरची ११ अशा वेगळ्या लिहाव्यात. आमच्यातले बरेच जण अजून दोन्हीसाठी अकरालाच मोबाइल उघडून बसतात.

आपली,
एक लघुउद्योजिका,
शिरोली एमआयडीसी, जि. कोल्हापूर