लाल मोजे नुसते शोभेचे नाहीत

महोदय,

अनुवादित कादंबऱ्यांत आणि दिवाळी अंकांतल्या कथांत हल्ली चिनी रास, ड्रॅगन, भुतांचा महिना अशी सामग्री दिसू लागली आहे. आनंदच आहे. पण ती बहुतेकदा सजावटीपुरती येते आणि कथा तिथेच लंगडते.

सर्रास चुकते ती रास, म्हणजे जन्मवर्षाचा प्राणी. चिनी वर्ष 1 जानेवारीला बदलत नाही. नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी या दरम्यान येते. 1988 हे ड्रॅगनचे वर्ष सुरू झाले 17 फेब्रुवारीला, म्हणजे त्या साली 10 जानेवारीला जन्मलेला नायक सशाच्या वर्षातला. दर बारा वर्षांनी आपल्या जन्मप्राण्याचे वर्ष परत आले की आपले लेखक नायकाचे नशीब उघडतात. समजूत नेमकी उलटी आहे: ते जपून काढायचे वर्ष. म्हणून तर त्या वर्षी अरिष्ट टाळायला लाल पट्टा, लाल मोजे, मनगटात लाल दोरा. हे ठाऊक असलेला लेखक आजीला नातवाच्या बॅगेत गुपचूप लाल मोजे ठेवायला लावेल आणि पानभर संवाद वाचवेल.

‘पंचमहाभूते’ हा अनुवादही दिशाभूल करतो. चिनी पाच तत्त्वे म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. त्यांत वायू नाही, आकाश नाही. प्रत्येक तत्त्व पुढच्याला जन्म देते, पाण्यातून पुन्हा लाकूड. मारक क्रम निराळा: पाणी अग्नी विझवते, अग्नी धातू वितळवतो, धातू लाकूड कापतो, लाकूड माती फोडते, माती पाणी अडवते. पत्रिकेत जे तत्त्व कमी, ते मुलाच्या नावात घालण्याची रीत आहे. अनुवादकाने तिथे वायू आणला की त्या नावामागचे कारणच जाते.

मृत्यूनंतरचे विधी सात-सात दिवसांच्या सात टप्प्यांत, 49 दिवस चालतात. सातव्या रात्री मृतात्मा घरी येतो असे मानतात. तिथे ‘तेरावा’ लिहिले तर दार उघडे ठेवून बसलेले घर वाचकाला कळणार कसे? कबरी झाडण्याचा सण छिंगमिंग 4-5 एप्रिलच्या सुमारास, मृतात्मे फिरतात असे मानला जाणारा भुतांचा महिना मात्र सातवा चांद्रमास, बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात; या दोहोंचीही सरमिसळ होते. मावळतीची किरणे मूर्तीवर पडतात तो अंबाबाईचा हिवाळ्यातला किरणोत्सव कुणी मे महिन्यात घातला, तर कोल्हापुरात ती कथा पुढे कोण वाचेल?

प्रकाशकांनी निदान चांद्र तिथी, जन्मवर्ष आणि तत्त्वांचा क्रम छपाईपूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावा. हे काम मुद्रितशोधकावर टाकू नये. त्याच्यापुढे फक्त शुद्धलेखन असते.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर