गावातला पैसा परदेशी का जातो?

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

परवा जेवताना तू विचारलंस, "गावात एवढी नड असताना तुम्ही रोटरीवाले पैसे परदेशात का पाठवता?" पंगतीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या वर्गात पायाला आधाराचा कॅलिपर घालून येणारा तो मुलगा आठवतो ना? बाकावर बसताना गुडघ्याजवळची कडी खटकन सोडायचा, उठताना पुन्हा लावायचा. खेळाच्या तासाला सगळ्यांची दप्तरं त्याच्याजवळ. पोलिओ म्हटलं की मला अजून तो खटका ऐकू येतो. १९८५ साली रोटरीने, म्हणजे आमच्या जगभरच्या सेवाभावी क्लबांच्या संघटनेने, जगातून पोलिओ घालवायचा विडा उचलला. १९८८ साली सव्वाशे देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं त्याने लुळी पडत होती. तेव्हा पैसा बाहेरून आपल्याकडे येत होता रे! अमेरिका-जपानच्या क्लबांतल्या माणसांनी, ज्यांनी आपलं गाव कधी पाहिलं नाही, त्यांनी आपल्या पोरांसाठी दिलेला. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याची एक चिमुरडी. २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. आता हा विषाणू पाकिस्तान-अफगाणिस्तानात तळ ठोकून आहे, आणि तो काही पासपोर्ट काढून प्रवास करत नाही. मग आज आपण हात आखडायचा?

शिवाय दिलेलं सगळं तिकडेच राहत नाही. रोटरीचा निधी सांभाळणाऱ्या फाउंडेशनच्या वार्षिक निधीत आम्ही टाकतो त्यातला साधारण निम्मा वाटा तीन वर्षांनी आमच्याच डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या क्लबांच्या गटाच्या, कामांसाठी परत येतो. मोठ्या कामासाठी फाउंडेशनचं अनुदान, म्हणजे ग्लोबल ग्रँट, हवी तर दोन देशांतले क्लब एकत्र यावे लागतात. तालुक्याला डायलिसिसची मशीन आली ती अशीच, परदेशातल्या एका क्लबाच्या जोडीने. तुझ्या चुलत्यांची शहराची खेप त्यामुळेच वाचली.

चुकाही झाल्यात. एका शाळेत आम्ही पाण्याचा फिल्टर बसवला, नारळ फोडला, फोटो काढले. वर्षाने गेलो तर तोटीला कोळिष्टकं. आतली पाणी गाळणारी कँडल कोण बदलणार, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. पोरं मधल्या सुट्टीत पुन्हा हापशावर ओंजळ धरून उभी होती. फार लागलं मनाला. ग्रँटच्या अर्जात 'देखभाल कोण करणार' असं विचारतात, ते पूर्वी मला कटकट वाटायचं. आता तो रकाना मी आधी भरतो.

या रविवारी पल्स पोलिओ आहे. शाळेतल्या बूथवर मी सकाळी आठपासून असेन. नातीला घेऊन ये. लशीच्या कुपीवर गोलात एक फिकट चौकोन असतो, लस उष्णतेने बिघडत चालली की तो काळवंडतो. तो तुला दाखवतो. डोस सिस्टर देतील, तिच्या डाव्या करंगळीला शाई मात्र मी लावणार.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
दिनू