शंखपुष्पी आणि आकडीची गोळी एकाच बिलावर

मा. संपादक यांस,

वनौषधींच्या पूरक गोळ्या-सिरपांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. शेवट ठरलेलाच: 'डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.' सल्ला उत्तम. फक्त या बाटल्या डॉक्टर विकत नाहीत, त्या मेडिकलच्या काउंटरवरून जातात, आणि अख्ख्या लेखात फार्मासिस्टचा उल्लेख एकदाही नाही.

परीक्षा जवळ आली की स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पी सिरप मागितलं जातं, अगदी आकडीसाठी फेनिटॉइन चालू असलेल्या मुलासाठीसुद्धा. मुंबईच्या केईएममधल्या औषधशास्त्रज्ञांनी 1992 मध्येच हे छापून ठेवलंय. फेनिटॉइनवर असलेल्या दोन रुग्णांचे झटके शंखपुष्पीचं तयार औषध सुरू झाल्यावर आटोक्याबाहेर गेले. पुढे उंदरांवर पाहिलं, तर एका मात्रेनं रक्तातली फेनिटॉइनची पातळी हलली नाही. वारंवार दिल्यावर मात्र उतरली. म्हणजे पहिल्या दिवशी काहीच झालं नाही म्हणून घरचे निर्धास्त राहणार. फेनिटॉइनची कामाची पातळी मिलिलीटरला 10 ते 20 मायक्रोग्रॅम, त्यामुळे घसरायला फारशी जागा नाही.

ही जोडी एका बिलावर फक्त काउंटरवरच्या माणसाला दिसते. त्यानं विचारायचं ते थोडकंच: सिरप कोणासाठी, कधीपासून, किती चमचे, गोळीची मात्रा किती, शेवटचा झटका कधी आला. आधीच चालू असेल तर गोळी मनानं कमी-जास्त करायची नाही आणि डॉक्टरांना सिरपचं नाव सांगून रक्तातली पातळी तपासून घ्यायची. सिरप थांबवायचं तेही त्यांना कळवूनच. कारण मधल्या काळात झटके आले म्हणून डॉक्टरांनी फेनिटॉइन वाढवलं असेल, तर सिरप बंद होताच पातळी उलट चढू शकते. मग चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, आणि पुन्हा दोष गोळीलाच.

बाटलीही फिरवून पाहायला हवी. शंखपुष्पी म्हणून कुठे शंखावली, कुठे विष्णुक्रांता, कुठे चक्क गोकर्ण खपते; वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग लेबलवर असेल तरच आत काय ते कळतं. निर्मिती परवान्याऐवजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक असेल, तर ती वस्तू कायद्यानं औषध नव्हेच, अन्न आहे. गिऱ्हाइकाला हे कोण सांगणार? भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेलं फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र?

'आयुर्वेदिक विकायला लायसन्स लागत नाही, मग आम्हाला का विचारता?' हा दुकानदारांचा आवडता मुद्दा. विक्रीला परवाना लागत नाही, हे खरं. पण त्याच हातानं दिलेल्या फेनिटॉइनला लागतो, आणि फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015 मध्ये रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच धरलंय. निदान बिल तरी नीट द्या. 'आयु. सिरप - 1 नग' एवढ्यावर दुष्परिणामाची तक्रार करायची कशी? उत्पादनाचं नाव, उत्पादक, बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख, सोबतची औषधं, एवढं हाती असेल तरच औषधांचे दुष्परिणाम कळवायच्या 1800-180-3024 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करण्यात अर्थ आहे.

जाता जाता आणखी एक. ज्या पुरवणीत हा सावधगिरीचा लेख, तिच्याच मागच्या पानावर 'मधुमेह मुळापासून बरा' अशी अर्धं पान जाहिरात, उत्पादन परवाना क्रमांकाशिवाय! मधुमेह बरा करण्याच्या औषधाची जाहिरात 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानं निषिद्ध आहे. लेख संपादकीय विभागानं तपासला असेल. जाहिरात कोणी तपासली ते कळवावं.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक अध्यापक, सांगली
(कृपया नाव छापू नये)