रिमोट गाडीला आधी ऊब द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की टिळकवाडीच्या मैदानावर सकाळी सकाळी नायट्रोवर चालणाऱ्या रिमोटच्या गाड्या घेऊन पोरं जमतात. धुकं, बोचरा गारठा, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. मग पाळीपाळीने स्टार्टरची दोरी ओढणं चालू. दोरी तुटली की इंजिन येतं उद्यमबागेत, आमच्यासारख्या टर्नरच्या टेबलावर. ‘काका, पेट्रोल खराब आहे का?’

पेट्रोल नसतंच ते. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. मिथेनॉलची वाफ व्हायला उष्णता फार लागते. गारठ्यात वाफच कमी, तर पेटणार काय? त्यात या इंजिनांचा पितळी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या टोकाला मुद्दाम अरुंद केलेला असतो. तापल्यावर तो फुगतो आणि पिस्टन बरोबर बसतो. गार असताना मात्र पिस्टन वर जाऊन घट्ट अडकतो. तिथे जोर लावला की दोरी जाते, कनेक्टिंग रॉडला दणका बसतो तो वेगळाच.

म्हणून आधी इंजिनाचं डोकं हेअर ड्रायरने चांगलं चटका लागेल इतपत तापवावं. मैदानात वीज कुठली, तर घरातून निघताना इंजिनाला गरम पाण्याची पिशवी बांधून आणावी. ग्लो प्लग, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग, पेटवायचा सेल खिशात ठेवावा, गार सेल दम सोडतो. प्लग काढून पाहिला तर तार नारिंगी लखलखली पाहिजे. नुसती लालसर दिसली तर सेल चार्ज करा. थंड हवा दाट असते, तेव्हा इंधन कमीजास्त करणारी सुई नेहमीपेक्षा किंचित उघडी हवी. इंधन जास्त झालं असेल तर प्लग काढून, गाडी उलटी करून, वर फडकं धरून दोरी हळू ओढावी.

पण पत्र लिहायचं खरं कारण दुसरंच. काही पोरं कागद पेटवून इंजिन शेकतात की हो! मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसतच नाही. बाही पेटली तरी भाजेपर्यंत कळणार नाही. वर हेच इंधन पाण्याच्या बाटलीत भरून आणतात. चुकून पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दुकानदारांनी डबा विकताना एवढं पोरांच्या आईवडिलांच्या कानावर घालावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टर्नर, अनगोळ, बेळगाव