सूचना : सिनियर केजी ते पाचवीच्या पालकांसाठी

नमस्कार मंडळी. शिमग्याला गावी जाण्याआधी एवढं वाचून घ्या.

सिनियर केजीतून पहिलीत जाणाऱ्या मुलांची जन्मतारीख आधी तपासा. त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. दरवर्षी घोडं इथेच अडतं. एकीकडे ‘बाबू’, दुसरीकडे ‘अथर्व’! मुंबईत जन्मलेल्या मुलांचे दाखले चाकरमान्यांना आत्ताच आणायला सांगा, गणपतीपर्यंत थांबू नका.

पहिली-दुसरीबद्दल एक विनंती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एकच पायाभूत टप्पा आहे, म्हणजे वय 3 ते 8. त्यामुळे पहिलीतलं पोर अजून रेतीच्या ताटात बोटाने ‘ळ’ गिरवत असेल, तर बाईंना फोन करून भंडावू नका. शेजारच्या मुलाची वही आणून तुलना तर मुळीच नको.

तिसरी-चौथीत फार काही बदलत नाही, पाढे तेवढे घरी घ्या.

पाचवीला मात्र वार्षिक परीक्षा खरी असते. नापास झाल्यास फेरपरीक्षा, त्यातही राहिल्यास पुन्हा पाचवीच. हा नियम खाजगी शाळांनाही आहे, फी भरली म्हणून सुटका नाही.

शंका असतील तर शनिवारी सकाळी 10 वाजता पालकसभेत विचारा. ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो टाकू नका, सूचना वर जातात.

– सचिव, पालक-शिक्षक संघ